आई-बाबांना घेऊन एक दिवस आल्प्सच्या पायथ्याच्या गावांतून चालायचंय, वाट सुचवाल का?

पैठणीची_लेक, २० ऑगस्ट

नमस्कार मंडळी. आम्ही झुरिकजवळ राहतो, येऊन दीड वर्ष झालं. सप्टेंबरच्या मध्यावर आई-बाबा येवल्याहून येतायत. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. बाबा ६९ वर्षांचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. अजूनही दर श्रावणात अनकाई चढतात आणि वर अगस्ती ऋषींच्या गुहेत जाऊन बसतात. आई ६५ची. चालायला तयार असते, पण उजवा गुडघा दुखरा आहे. चढ चढते हळूहळू, उतार मात्र तिला नको वाटतो. सप्तशृंगीला ट्रॉली झाल्यापासून ती खूश आहे, ते त्याच कारणाने.

बर्फाचा डोंगर एक दिवस दाखवणारच आहोत. पण बाबांनी फोनवर सांगितलं, "तिथली माणसं कशी राहतात, काय पिकवतात, घरं कशी बांधतात ते बघायचंय. नुसतं वर जाऊन फोटो काढून खाली यायचं असेल तर मी घरी नातवाबरोबर बसेन." त्यामुळे एक पूर्ण दिवस गावागावांतून चालायचा ठेवलाय. डोंगर जवळून दिसावेत, वाट फार अवघड नसावी, काही जुनं बघायला मिळावं. आपेनझेलचं नाव दोघातिघांनी सुचवलं. नकाशा उघडला तर पिवळ्या रेघांचं जाळंच दिसलं. कुठून सुरू करायचं, कुठे संपवायचं, काहीच कळेना.

अजून एक. माझे आजोबा पैठणी विणायचे आणि बाबा स्वतः विसाव्या वर्षापर्यंत मागावर बसलेत. विणकामाशी संबंधित काही त्या भागात असेल तर जरूर सांगा. आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही.

---

आल्प्सवेडा, २० ऑगस्ट

आपेनझेलला जाणारच असाल तर सरळ वासराउएनपर्यंत ट्रेन पकडा, तिथून रोपवेने एबेनआल्पला जा आणि चालत खाली उतरा: विल्डकिर्खलीची गुहा, कड्याला चिकटलेलं एशरचं जुनं विश्रामगृह, मग झेआल्पझे तळं आणि परत वासराउएन. चार तासांत होतं. आम्ही मित्रमित्र दोनदा गेलो. त्या भागात याहून सुंदर वाट मला माहीत नाही. तळ्यात झेंटिस शिखराच्या बाजूचे कडे उलटे दिसतात.

---

सिटरकाठी, २१ ऑगस्ट

अगं, तुला एकेरीत बोलते, चालेल ना? मी ५८ची, तुझ्या आईच्या जवळपासची. माहेर जुन्नर तालुक्यातलं. गेली एकोणीस वर्षं सांक्ट गालेनला राहते आणि आपेनझेलच्या डोंगरातल्या एका वृद्धाश्रमात काम करते. हा मुलूख मला माझ्या म्हाताऱ्या मंडळींनी दाखवला, कोणी पायी हिंडवून तर कोणी नुसतं बोलून.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. वर सुचवलेली वाट सुंदर आहे यात शंका नाही, पण एशरपासून झेआल्पझेपर्यंतचा उतार तुझ्या आईसाठी नाही. जवळजवळ तीनशे मीटर खाली जायचं, आणि बऱ्याच ठिकाणी कड्याच्या अंगाने. दगड गुळगुळीत झालेत आणि पावसानंतर त्यांवर पाय ठरत नाही. तिथून पडून माणसं दगावली आहेत. माझी वहिनी आली होती तेव्हा मीच हौसेने तिला त्या वाटेने नेलं. सकाळी पाऊस पडून गेलेला, तिच्या पायात साधे चालायचे बूट. अर्ध्या वाटेत ती घसरली आणि मनगट मुरगळलं. बसत, धरत, एकमेकींच्या हाताला हात देत आम्ही तीन तासांनी तळ्यावर पोचलो. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. बाबा अनकाईवाले आहेत, त्यांना जमेल. आईला मात्र त्या वाटेवर नेऊ नकोस.

आता मी काय करेन ते सांगते.

सकाळी लवकर झुरिकहून सांक्ट गालेनला ये, तास-सव्वा तास लागतो. तिथे स्टेशनाच्या एका कडेला आपेनझेलची लहान लाल गाडी उभी असते. तिच्यात बसा, पण आपेनझेलपर्यंत जाऊ नका. अर्ध्या तासात गाइस येतं, तिथे उतरा. गाडी शहर सोडून टेकड्यांत शिरली की बाबांना खिडकीशी बसव आणि घरांकडे बघायला सांग. लाकडी घरं, दर्शनी भिंतीला ओळीने खिडक्या, आणि घराला काटकोनात जोडलेला गोठा, म्हणजे हिवाळ्यात बर्फात न उतरता गुरांपाशी जाता येतं. आणि मुख्य म्हणजे खाली, अगदी जमिनीलगत खिडक्यांची आणखी एक बुटकी ओळ दिसेल. नवख्याला ते साधं तळघर वाटतं. तो विणकामाचा तळमजला. गाइस, टॉयफेन, ट्रोगेन हा सगळा भाग आउसररोडन प्रांताचा, आणि इथल्या शेतकऱ्यांनी दोन-तीनशे वर्षं गाईंच्या जोडीला मागावर पोट भरलं. आधी जवसाच्या धाग्याचं कापड, मग सुती, मलमल. माग तळघरात, तोही मातीच्या जमिनीवर, कारण ओलावा असला की धागा तुटत नाही. हे मला आमच्याकडच्या एका आजोबांनी सांगितलं, त्यांची आई असं विणायची. तुझ्या प्रश्नात पैठणी वाचलं आणि तेच आठवलं.

टॉयफेन लागेल तेव्हा बाबांना आणखी एक नाव सांग: हान्स उलरिख ग्रूबेनमान. अठराव्या शतकातला या गावचा सुतार, पुस्तकी शिक्षणावाचून घडलेला. याने १७५०च्या दशकात शाफहाउझेनला ऱ्हाइन नदीवर नुसत्या लाकडाचा पूल बांधला आणि तो बघायला युरोपभरातून लोक यायचे. १७९९मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्याने तो जाळला. त्याच्या कामाचं छोटं संग्रहालय टॉयफेनला आहे. तुमच्या दिवसात ते बसणार नाही, पण नाव माहीत असावं. ट्रोगेनची चर्चही त्याचीच.

गाइसला उतरलात की आधी चौकात जा. १७८०मध्ये आगीत गावाचा गाभा जळाला आणि मग एकदमच नव्याने बांधला गेला, म्हणून सगळी घरं एकमेकांची भावंडं वाटतात. वरच्या त्रिकोणी भिंतींना लाटेसारखं वळण, रंग फिकट. १९७७मध्ये या गावाला वारसा जपल्याबद्दलचा वाकर पुरस्कार मिळाला. एकेकाळी इथे श्रीमंत लोक चीज करून उरलेलं कोमट पाणी प्यायला यायचे, औषध म्हणून. अठराव्या शतकाच्या मध्यापासून गाइस त्यासाठी नावाजलेलं होतं.

चौकातून स्टेशनाकडे परत या. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर झामेलप्लाट्झ आणि आपेनझेल ही नावं शोधा. पाटीवर वेळ लिहिलेला असतो तो न थांबता चालणाऱ्याचा. सपाटीवर ताशी साधारण ४.२ किलोमीटर धरून तो काढतात. आई-बाबांसाठी त्याची दीडपट धरा. तुम्हाला दोन-अडीच तास लागतील. चढ थोडा, मग हळूहळू उतार, सगळी कुरणं आणि एकट-दुकट घरं. समोर आल्पश्टाइनची रांग असते आणि हवा चांगली असली तर २५०२ मीटरचा झेंटिस त्याच्या टोकावरच्या मनोऱ्यासकट दिसतो.

या वाटेवर एक गंमत बघा. मध्येच तुम्ही एका प्रांतातून, म्हणजे इथल्या भाषेत कांटोनमधून, दुसऱ्यात शिरता. पूर्वी हे एकच आपेनझेल होतं. १५९७मध्ये धर्मावरून दोन वाटण्या झाल्या: आउसररोडन प्रोटेस्टंट, इनररोडन कॅथलिक. रक्त न सांडता वाटणी झाली. हद्दीवर नाका नाही, कुंपण नाही, पण रस्त्याकडेला लाकडी क्रूस आणि लहानशी देवळी दिसायला लागली की समजायचं, इनररोडन आलं. दोन्हींच्या झेंड्यावर अस्वलच आहे. आउसररोडनच्या अस्वलाशेजारी दोन अक्षरं असतात, इनररोडनचं अस्वल एकटं.

दुपारी आपेनझेल. मोठ्या रस्त्यावरची रंगवलेली घरं सगळेच बघतात, त्यात एका जुन्या औषधी दुकानाची भिंत वनस्पतींच्या चित्रांनी भरलेली आहे, ती आईला आवडेल. पण मी तुम्हाला लांड्सगमाइंडेच्या चौकात बसायला सांगेन. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळा कांटोन इथे उघड्यावर उभा राहतो आणि हात वर करून मत देतो. पुरुष कमरेला तलवार लावून येतात, तीच त्यांची मतदानाची खूण. बायकांना इथे कांटोनच्या कारभारात मत नव्हतं. १९९०च्या एप्रिलमध्येही पुरुषांनी हात वर करून नाहीच म्हटलं. शेवटी त्या वर्षीच्या २७ नोव्हेंबरला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १९९१मध्ये बायका पहिल्यांदा त्या चौकात उभ्या राहिल्या.

आमच्याकडे एक आजी होत्या, इनररोडनच्या. लहानपणापासून रुमालांच्या कडांवर भरतकाम करून घर चालवलेलं. हे भरतकाम हाताचं, इतकं बारीक की डोळे जातात. त्यांनी मला सांगितलं की १९९१मध्ये त्या सकाळी त्यांनी आईचा जुना पोशाख इस्त्री करून घातला आणि चौकात नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या. पहिल्यांदा हात वर करायची वेळ आली तेव्हा हात कापत होता. "कशावर मत दिलं ते आठवत नाही," म्हणाल्या, "हात किती जड होता ते आठवतं." मी त्या चौकातून जाते तेव्हा दरवेळी क्षणभर थांबते.

जेवण झाल्यावर आईत ताकद असली तर आपेनझेलहून गाडीने दहा-बारा मिनिटांत वासराउएन, आणि रोपवेने १६४० मीटरवरच्या एबेनआल्पला. नसली तर चौकातच बसा, काही बिघडत नाही.

---

पैठणीची_लेक, २१ ऑगस्ट

ताई, खरंच काय बोलू! बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. तळघराचं ऐकून ते उठून बसले. म्हणाले, आपला माग खड्ड्यात का असतो? त्याच कारणाने. जमिनीच्या गारव्यात रेशीम नीट राहतं, विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो. आजोबा उन्हाळ्यात मागाच्या भोवती पाणी शिंपडायचे. आता त्यांना फक्त ती खिडकी बघायची आहे.

एबेनआल्पला गेलोच तर आईला गुहेपर्यंत नेता येईल का? बाबा गुहा सोडणार नाहीत. आणि सप्टेंबरात गाई वरून खाली येतात म्हणे, सजवून. ते बघायला मिळेल का?

---

फलटणचा_पाटील, २२ ऑगस्ट

सिटरकाठी ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी गेली सहा वर्षं बाडेनला आहे, घरी शेती आणि जनावरं, त्यामुळे मला इथल्या गुरांबद्दल थोडं बोलू द्या.

वाट कुरणातून जाते तेव्हा वाटेवरूनच चाला. उंच गवतात शिरू नका. आपल्याला ते मोकळं रान वाटतं, त्यांच्यासाठी ते हिवाळ्याची वैरण आहे, कापायचं पीक आहे. उभ्या ज्वारीतून कोणी चाललं तर आपल्याला कसं वाटेल? फाटक उघडलंत तर मागे लावा. पिवळी-पांढरी बारीक पट्टी दिसली की ती विजेची तार समजा. वासरू बरोबर असलेल्या गाईपासून लांब राहा. दुधाच्या गाई शांत असतात, पण वासराची आई कुठेही एकच, फलटणला काय आणि इथे काय. वासरांचे फोटो काढायला जवळ जाणाऱ्यांना इथे मार बसलेला आहे.

वाटेवर लाकडी किंवा दगडी हौद लागतात, नळीतून पाणी पडत असतं. पिण्याचं नाही अशी पाटी नसेल तर खुशाल प्या, बाटल्या भरा.

खाण्याबद्दल: बटाट्याचं रोश्टी मागवाल तर "ओने श्पेक" म्हणा, नाहीतर डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात. केस-हॉर्नली म्हणजे चीज घातलेली मॅकरोनी, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गर. मॅकरोनीत अंडं आहे का ते विचारून घ्या, पुष्कळदा असतं. आणि एक गोष्ट इथे आलेले आपले लोक फार उशिरा शिकतात. आपेनझेलचं चीज विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. काकू कडक पाळत असतील तर त्यांना आधीच सांगा, त्यांचं त्यांना ठरवू द्या. नंतर कळलं तर जिवाला लागतं. माझ्या आजीच्या बाबतीत आम्ही ही चूक केली होती.

---

सिटरकाठी, २२ ऑगस्ट

पाटील, रेनेटचं बरं आठवण करून दिलंत. मी माझ्या सासूबाईंना दशमी, चटणी आणि लाडू बांधून द्यायचे. डोंगरात कुठल्याही बाकावर बसून खाल्लं तरी कोणी काही म्हणत नाही. फक्त विश्रामगृहाच्या टेबलावर स्वतःचा डबा उघडायचा नाही, बाहेरच्या बाकावर उघडायचा.

गुहेचं सांगते. रोपवेच्या वरच्या टोकापासून विल्डकिर्खली पंधरा-वीस मिनिटं खाली. वाट रुंद आहे, मग गुहेतून अंधारातून जावं लागतं. दिवे आहेत, कठडा आहे, पण पायऱ्या ओल्या असतात. बाहेर पडलं की कड्याला लागून एक लाकडी घर दिसतं. तिथे १६५८पासून १८५३पर्यंत एकामागून एक तपस्वी राहिले. पहिला होता एक पाद्री, आपली गादी सोडून वर येऊन राहिलेला. पुढच्या गुहेत वेदी आहे आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी अजूनही तिथे प्रार्थना होते. गुहेचं खरं वय मात्र फारच मागचं. १९०४ ते १९०८ या काळात सांक्ट गालेनच्या एमिल बेखलर यांनी इथे खोदकाम केलं, तेव्हा गुहेतल्या अस्वलांची हाडं आणि नियँडरथाल माणसाची दगडी हत्यारं सापडली. आधी अस्वलं, मग आदिमानव, मग ऋषी. तुझे बाबा अगस्तींच्या गुहेत बसणारे आहेत, त्यांना तिथे बसू दे निवांत.

मात्र जेवढं खाली उतराल तेवढंच परत चढायचं आहे. एशरपर्यंत गेलात तर १४५४ मीटरवरून पुन्हा रोपवेच्या वरच्या टोकापर्यंत. आई चढते म्हणालीस, तेव्हा चढ जमेल, पण गुहेकडे जाताना उतार आहे. माझं मत विचारशील तर आईला काठी दे आणि गुहेच्या वरच्या तोंडापर्यंत ने. तिला नको वाटलं तर तिने तिथेच थांबावं, बाबांनी आत जाऊन यावं. एशरचा फोटो सगळ्या जगाने पाहिलाय, म्हणून तिथे गर्दी उसळते. ते चुकलं तरी दिवस वाया जात नाही. निघण्यापूर्वी शेवटच्या रोपवेची वेळ पाटीवर बघून ठेव. ती ऋतूप्रमाणे बदलते आणि चुकली तर तोच उतार पायी करावा लागतो.

गाई खाली येण्याचं: ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. दिवस प्रत्येक शेतकरी आपापला ठरवतो, गवत आणि हवा बघून, त्यामुळे आधी पक्कं कळत नाही. मिळालं तर नशीब समजा. सर्वांत पुढे पांढऱ्या शेळ्या आणि त्यांना हाकणारी मुलं. मागे पिवळ्या कातडी विजारीतला मुख्य गवळी, डाव्या खांद्यावर लाकडी दुधाची चरवी. मग तीन गाई, गळ्यात भल्यामोठ्या घंटा, तिन्हींचे सूर एकमेकींशी जुळवलेले. माणसं त्या सुरावर शब्दांवाचून गातात, ऐकताना अंगावर काटा येतो. बाबांना गवळ्याच्या उजव्या कानाकडे बघायला सांग. तिथे लोंबती बाळी असते, साय काढायच्या पळीच्या आकाराची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला माझ्या आजोबांची भिकबाळी आठवली होती. गुरं उन्हाळ्यात डोंगरावर चारायची ही सगळी पद्धत युनेस्कोने २०२३च्या डिसेंबरात वारशाच्या यादीत घेतली, पण हे लोक ती यादीसाठी करत नाहीत. त्यांना हिवाळ्याआधी गुरं खाली आणावीच लागतात.

आणि मागाचं राहिलंच. खिडक्या तुम्हाला बाहेरून दिसतील. चालता माग बघायचा तर वेगळ्या दिवशी श्टाइन गावाला जा. तिथे लोकजीवनाचं संग्रहालय आहे, तळमजल्यावर जुने माग आणि भरतकामाचं यंत्र आहे, शेजारीच चीज करताना बघता येतं. विणून कोणत्या दिवशी दाखवतात ते फोन करून विचार.

---

पैठणीची_लेक, २३ सप्टेंबर

मंडळी, काल जाऊन आलो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी झुरिकला धुकं होतं, सांक्ट गालेनलाही होतं. गाडी टॉयफेनच्या वर गेली आणि एकदम ऊन. आईने खिडकीला हात लावून "अगं बाई" म्हटलं. गाइसच्या चौकात अर्धा तास गेला, कारण बाबा प्रत्येक घराच्या खिडक्या मोजत होते. वाटेला लागल्यावर आई सगळ्यांत पुढे. येणारा-जाणारा "ग्र्युएत्सी" म्हणायचा, ती हात जोडून "नमस्कार" म्हणायची. दोनदा समोरच्या माणसांनीही हात जोडले.

गावाबाहेर थोडं गेल्यावर एका घराला ती बुटकी खिडक्यांची ओळ दिसली. बाबा वाटेवरच उकिडवे बसले आणि बघत राहिले. मला भीती वाटली, कोणाच्या घरात डोकावतोय असं होईल म्हणून. तेवढ्यात आतून एक आजोबा बाहेर आले. माझं जर्मन यथातथाच, आणि त्यांची बोली तर मला निम्मीच कळली. मी म्हटलं, माझे वडील विणकर होते, भारतात. त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं, आणि काही न बोलता तळघराचं दार उघडलं.

आत आता सफरचंदांचे खोके, स्की, जुनी सायकल. पण जमीन अजून मातीची, चोपलेली. एका कोपऱ्यात तुळईला खाचा होत्या, मागाचा खांब तिथे बसायचा असं ते म्हणाले. बाबांनी वीत टाकून खाचांमधलं अंतर मोजलं, मग खिडकीशी उभे राहून उजेड कुठून पडतो ते पाहिलं. मला म्हणाले, "विचार त्यांना, ठोका कोणत्या हाताने द्यायचे?" मला तो शब्दच येईना. तर बाबांनी हवेतच हात ओढून दाखवला. त्या आजोबांनी मान हलवली, आणि त्यांनी त्यांच्या आजीचा हात दाखवला, तोही ओढून. दोघं असे काही वेळ न बोलता माग चालवत होते. आईने लाडूंचा डबा उघडून त्यांच्या हातावर दोन ठेवले. निघताना त्यांनी आम्हाला सहा सफरचंदं दिली.

गाईंची मिरवणूक चुकली, आठवडाभर आधीच होऊन गेली होती. एबेनआल्पला गेलो. आई गुहेच्या तोंडाशी बसून राहिली, तिला एका बाईने स्वतःचं आसन दिलं. बाबा आत गेले ते वीस मिनिटांनी आले. मी काही विचारलं नाही. एशरला आम्ही गेलोच नाही. आपेनझेलच्या चौकात गाडीची वाट बघताना ताईंनी सांगितलेल्या आजींची गोष्ट आईला सांगितली. तिने विचारलं, "नेमकं कुठे उभ्या होत्या?" मला माहीत नव्हतं, तरी ती चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

रात्री बाबांनी येवल्याला काकांना फोन लावला आणि पाऊण तास तळघराबद्दलच बोलत होते: खिडकी किती उंचीवर, जमीन कशी, तुळई कुठल्या लाकडाची. काकांनी विचारलं, बर्फ दिसला का? बाबा म्हणाले, "दिसला, लांबून."

श्टाइनला फोन करून विचारलंय. पुढच्या आठवड्यात जातोय. ताई, तुम्हाला सुट्टी असेल तर तुम्हीही याल का? आई म्हणते, जुन्नरच्या बाईला येवल्याच्या हातचा शेंगोळा खाऊ घालायचाय.

---

सिटरकाठी, २३ सप्टेंबर

बुधवारी मला सुट्टी आहे. सांक्ट गालेनला सव्वानऊला भेटा, स्टेशनाबाहेर बसच्या थांब्यावर. मी तूप आणते.